छेदात कोण आहे? रॉबर्ट हंटरची दोन पुस्तकं

संशोधनाला लागताना एक भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. एम.ए.ला एका विषयावर डिझर्टेशन केलं आणि पीएच.डी.च्या मुलाखतीत दुसराच विषय मांडला, तर समोरची मंडळी विचारणार, "मग आधीचं का सोडलं?" हा प्रश्न बोचतो, कारण विषय सोडणं म्हणजे निष्ठा सोडणं असं आपल्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. आज ज्या लेखकाबद्दल बोलायचंय त्याने आयुष्यात इतक्या वेळा विषय सोडले, की आपल्याकडच्या कुठल्याही मुलाखत समितीने कपाळाला हात लावला असता.

त्याची दोन पुस्तकं समोर ठेवू. पहिलं 'पॉव्हर्टी', १९०४ सालचं. अमेरिकेत गरीब किती आहेत आणि ते गरीब का आहेत, हा त्याचा विषय. दुसरं 'द लिंक्स', १९२६ सालचं. गोल्फचं मैदान कसं आखावं, हा त्याचा विषय. दोन्हींवर नाव एकच, रॉबर्ट हंटर. ग्रंथालयात ही पुस्तकं शेजारी सापडणार नाहीत. दारिद्र्याच्या अभ्यासात हंटर भेटतो तेव्हा त्याचं गोल्फ एका ओळीत उरकलं जातं. गोल्फच्या इतिहासात भेटतो तेव्हा दारिद्र्य एका ओळीत उरकलं जातं. ही दोन पुस्तकं एकत्र वाचायची कशी, एवढाच आजचा मुद्दा आहे.

गोल्फमध्ये तुम्हाला काडीचाही रस नसेल तरी चालेल. आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फचं मैदान चेंबूरला नाहीतर येरवड्याला भिंतीबाहेरूनच पाहिलेलं असतं. ती भिंत मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणूस कोण होता

हंटरचा जन्म १८७४ चा, इंडियाना राज्यातल्या टेर हॉट गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. पदवीनंतर तो शिकागोला गेला, धर्मादाय संस्थांमध्ये काम केलं आणि जेन ॲडम्स यांच्या हल हाऊसमध्ये राहिला. हल हाऊस म्हणजे सेटलमेंट. शिकलेल्या मंडळींनी गरीब वस्तीत जाऊन राहायचं, तिथल्या लोकांसोबत काम करायचं आणि वस्तीचा अभ्यासही करायचा, अशी ती कल्पना. १९०१ मध्ये शिकागोतल्या भाड्याच्या कोंदट घरांवर त्याचा अहवाल आला. पुढे तो न्यूयॉर्कच्या युनिव्हर्सिटी सेटलमेंटचा प्रमुख झाला. १९०३ मध्ये त्याचं लग्न स्टोक्स या अतिश्रीमंत घराण्यात झालं, आणि पुढच्याच वर्षी 'पॉव्हर्टी' आलं.

त्यानंतर तो समाजवादी पक्षात गेला. १९१० मध्ये कनेटिकट राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाचा उमेदवार होता. महायुद्ध सुरू झालं आणि त्याने पक्ष सोडला. पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाला, तिथल्या विद्यापीठात व्याख्यानं दिली आणि हळूहळू गोल्फच्या मैदानांकडे वळला. 'द लिंक्स' लिहिलं. ॲलिस्टर मॅकेन्झी या ब्रिटिश आखणीकाराचा भागीदार झाला. हा मॅकेन्झी स्वतः डॉक्टरकी सोडून या धंद्यात आलेला. दोघांनी मिळून मेडो क्लब, माँटेसिटोचा व्हॅली क्लब आणि समुद्रकाठचं सायप्रस पॉइंट ही मैदानं आखली. पेबल बीचच्या मैदानाची १९२९ च्या स्पर्धेआधी जी दुरुस्ती झाली, तिच्यातही हंटरचा हात होता. मग मंदी आली, नवी मैदानं बांधणं थांबलं आणि हेही प्रकरण मागे पडलं. १९४० मध्ये त्याचं शेवटचं पुस्तक आलं, तेही गोल्फवर नव्हतं. क्रांती का होते, कशी होते, केव्हा होते, हा त्याचा विषय होता. १९४२ मध्ये हंटर वारला.

म्हणजे मैदानं आखण्याची त्याची कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची. ती त्याने मनापासून केली आणि सोडूनही दिली.

पहिलं पुस्तक: आकडा कच्चा, प्रश्न पक्का

'पॉव्हर्टी'मधली सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे तिची व्याख्या. तोपर्यंत गरीब म्हणजे मदतीवर जगणारा, अशी सर्रास समजूत होती. हंटरने दोन गट वेगळे केले. एक, मदतीवर अवलंबून असलेले लोक. दुसरे, काम करतात, राबतात, पण शरीर धड राखण्याइतकंही ज्यांना मिळत नाही असे लोक. दुसरा गट कोणाच्याच नोंदवहीत नव्हता, कारण तो हात पसरत नव्हता. हंटरचं म्हणणं असं, की खरं दारिद्र्य इथे आहे. त्याने रेषाही आखली. उत्तरेकडच्या औद्योगिक राज्यांत सर्वसाधारण कुटुंबाला वर्षाला ४६० डॉलर, दक्षिणेत ३०० डॉलर. याखाली असेल ते कुटुंब गरीब.

आणि मग तो प्रसिद्ध आकडा. अमेरिकेत किमान १ कोटी माणसं गरीब आहेत, असा अंदाज त्याने मांडला. त्या काळच्या लोकसंख्येच्या मानाने साधारण आठांत एक. त्यांतले सुमारे ४० लाख सार्वजनिक मदतीवर.

हा आकडा आला कुठून? इथे पुस्तक डळमळतं. इंग्लंडमध्ये सीबोम राऊन्ट्रीने यॉर्क शहरातल्या कामगारांची घरोघर जाऊन पाहणी केली होती आणि १९०१ मध्ये ती प्रसिद्ध झाली होती. हंटरच्या हाती संपूर्ण देशासाठी असं काहीच नव्हतं. म्हणून त्याने कडेकडेच्या खुणा गोळा केल्या: मदतीच्या नोंदी, भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढलेली कुटुंबं, सरकारी खर्चाने पुरलेली प्रेतं, बेकारीचे आकडे. त्यांवरून अंदाज बांधला. आजच्या व्हायवात हा आकडा दहा मिनिटंही टिकला नसता. हंटरला हे ठाऊक होतं आणि त्याने ते लपवलं नाही. उलट त्याचीच मागणी केली: माझा अंदाज चुकीचा वाटत असेल तर मोजा, कारण एवढ्या श्रीमंत देशाला आपल्याकडे गरीब किती, हेच माहीत नाही.

आपल्याला ही युक्ती परकी नाही. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत हेच केलं होतं. सरकारी कागदांतूनच त्यांनी माणशी वर्षाचं उत्पन्न २० रुपये काढलं आणि तुरुंगातल्या कैद्याला जगवायला वर्षाला किती खर्च येतो हे त्याच्या शेजारी ठेवलं. त्यांच्या आकडेमोडीवर आक्षेप घेता आले, पण कैद्याच्या ताटाशी केलेली तुलना पुसता आली नाही. पुढे १९७१ मध्ये पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दररोज माणशी २२५० कॅलरी हा निकष धरून भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. आकडे बदलले, निकष बदलले, पण 'कोणाला मोजायचं राहिलंय?' हा प्रश्न तोच राहिला.

तुम्ही 'पॉव्हर्टी' वाचाल तेव्हा मात्र ते देवघरात ठेवण्याच्या भावनेने वाचू नका. स्थलांतरितांवरचं प्रकरण आज वाचताना अवघड जातं. बाहेरून येणाऱ्या मजुरांमुळे मजुरी पडते, या युक्तिवादावर हंटर थांबत नाही. इथल्या मूळच्या लोकांचा वंशच मागे हटेल अशी त्या काळची भीती तोही बाळगतो आणि येणाऱ्यांवर निर्बंध हवेत असं म्हणतो. आत असलेल्यांना एकूण एक मोजणारा हा माणूस दाराशी आला की कडक होतो. हे नोंदवून ठेवा.

दुसरं पुस्तक: जमीन वाचणारा डोळा

आता 'द लिंक्स'. आधी शब्द समजून घेऊ. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधे वाळूचा, खुरट्या गवताचा, उंचसखल पट्टा असतो. शेतीला निरुपयोगी, म्हणून चरायला आणि खेळायला मोकळा. त्याला लिंक्स म्हणतात. गोल्फ तिथे वाढला. तिथली टेकाडं, खळगे, वाळूचे खड्डे कोणी आखलेले नव्हते. वारा, पाणी, मेंढरं आणि माणसांची पावलं यांनी ते घडवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत धडाधड मैदानं निघू लागली तेव्हा प्रश्न आला: जे तिथे आपोआप घडलं, ते इथे हाताने कसं घडवायचं?

यावर दोन मतं होती. जुनं मत शिक्षेचं. चेंडू चुकला की खेळाडूला दंड झालाच पाहिजे, म्हणून वाटेत आडवे खड्डे, खंदक, बांध घालायचे. सगळ्यांनी तेच ओलांडायचं. दुसरं मत निवडीचं. खड्डा अशा जागी ठेवायचा, की जो त्याच्या जवळून धाडसाने मारेल त्याला पुढचा फटका सोपा जावा, आणि ज्याला ते जमणार नाही त्याला लांबून, सुरक्षित, पण एखादा फटका जास्त घेणारी वाट असावी. हंटर आणि मॅकेन्झी दोघेही दुसऱ्या मताचे. या मताचं एक उदार अंग आहे. नवख्या माणसालासुद्धा मैदानावर आनंद मिळाला पाहिजे, हे मॅकेन्झीने १९२० मधल्या आपल्या पुस्तकात तत्त्व म्हणूनच लिहून ठेवलंय.

'द लिंक्स'चं बळ त्याच्या नजरेत आहे. हंटरने ब्रिटनमधली जुनी मैदानं पायाखाली घातली होती आणि छायाचित्रं, नकाशे यांच्या आधाराने तो जमीन वाचायला शिकवतो. हा उतार चेंडूला कुठे नेतो, हे टेकाड काय झाकतं, हा खड्डा इथेच का, असे प्रश्न तो विचारतो. मैदानाकडे शोभेची बाग म्हणून पाहण्याची सवय तो मोडतो. शिकागोच्या चाळींचा अहवाल लिहिणाऱ्याची पायपिटीची सवय इथे कामाला आली असेल, असं मनात येतं. पण 'असेल' हा शब्द तसाच राहू द्या. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

पुस्तकाची कमजोर बाजू म्हणजे निसर्ग. त्या पिढीच्या सगळ्याच लेखनात निसर्ग हा शेवटचा साक्षीदार असतो. निसर्गाने केलं ते उत्तम, माणसाने केलेलं निसर्गासारखं दिसलं तर उत्तम. मॅकेन्झीने बोअर युद्धात छद्मावरणाचा अभ्यास केला होता आणि त्याचा आग्रहच होता, की हाताने केलेला उंचवटा निसर्गनिर्मित उंचवट्यापासून ओळखू येऊ नये. सायप्रस पॉइंटला काही खड्डे वाळूच्या टेकड्यांत असे मिसळून जातात, की ते आधीपासूनच तिथे होते असं वाटावं. मुद्दा असा, की या कलेत काम जितकं उत्तम तितके काम करणारे हात अदृश्य. ज्याने १९०४ मध्ये अदृश्य कामगारांना कागदावर आणलं, तो आता अशा कलेत रमला होता जिथे श्रम दिसू न देणं हेच कसब मानलं जातं.

दोन सोपी वाचनं

इथवर आलात की तुमच्या मनात दोन वाचनं तयार झाली असतील. दोन्ही आकर्षक आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिलं वाचन विश्वासघाताचं. गरिबांचा कैवारी श्रीमंतांची मैदानं आखू लागला, म्हणजे घसरला. ही कथा सांगायला सोपी आहे, कारण तिला दोन्ही पुस्तकं वाचावी लागत नाहीत, शीर्षकं पुरतात. शिवाय ती गृहीत धरते की १९०४ चा हंटर निर्मळ होता. स्थलांतरितांवरचं प्रकरण वाचलेल्याला असं म्हणता येत नाही. आणि तो मुळात संपन्न घरातला होता. पैसा गोल्फमुळे आला असंही नाही.

दुसरं वाचन छुप्या सातत्याचं. वरवर विषय बदलला, पण आतून तो एकच काम करत होता. इथे एक सुरेख वाक्य सुचतं: आधी गरिबांच्या वाटेतले अडथळे दूर करू पाहणारा माणूस पुढे खेळाडूंच्या वाटेत अडथळे मांडायला लागला. वाक्य टाळी घेणारं आहे. थिसिसच्या पहिल्या पानावर शोभेल. आणि म्हणूनच त्याच्यापासून सावध राहा. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये खेळाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा, की खेळात आपण गरज नसलेले अडथळे आपणहून स्वीकारतो. भूक कोणी आपणहून स्वीकारत नाही. दोन्हीकडे 'अडथळा' हा शब्द आला म्हणून गोष्ट एक होत नाही. शब्द जुळणं हा पुरावा नाही. मघाचं 'असेल' मी तसंच ठेवायला सांगितलं ते याचसाठी. पायपिटीची सवय इकडून तिकडे गेली, हे वाटणं आहे. ते सिद्ध करायला त्याची पत्रं, टिपणवह्या, कामाच्या नोंदी पाहाव्या लागतील. दोन छापील पुस्तकांवरून एवढी उडी घेता येत नाही.

मग दोन छापील पुस्तकांवरून काय म्हणता येतं?

छेद बदलला

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. आठांत एक गरीब म्हटलं की नजर त्या 'एका'कडे जाते. पण विधानाची हिंमत खालच्या 'आठा'त असते. 'पॉव्हर्टी'च्या छेदात सगळा देश आहे: गिरणीतला, रस्त्यावरचा, आजारी, शाळेत उपाशीपोटी बसलेलं पोर. कोणत्याही नोंदवहीत नसलेला माणूससुद्धा छेदात घ्यायचा, हा त्या पुस्तकाचा हट्ट आहे. आकडा कच्चा असूनही ते पुस्तक टिकलं ते याच हट्टामुळे.

आता निवडीच्या मैदानाचं तत्त्व पुन्हा वाचा: प्रत्येक खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे वाट मिळाली पाहिजे. ऐकायला किती लोकशाहीवादी! पण इथल्या 'प्रत्येक' या शब्दाखाली छेद कोणता? मैदानावर उभा असलेला प्रत्येक. म्हणजे जो फाटकातून आत आलाय तो. ताकदवान आणि कमजोर, तरबेज आणि नवखा असा सगळा विचार आतल्यांमध्येच. बाहेरचा माणूस कमजोर खेळाडूच्या यादीतसुद्धा नाही. लेखकाने विषय बदलला, यावर माझा आक्षेप नाही. छेद गुपचूप बदलला आणि 'प्रत्येक' हा शब्द तोच राहिला, यावर आहे.

"गोल्फच्या पुस्तकात याची अपेक्षा कशाला? तो तर खेळच बड्यांचा," असं कोणी म्हणेल. म्हणूनच लिंक्स हा शब्द आधी नीट समजून घेतला. सेंट अँड्रूजचं जुनं मैदान, ज्याला त्या काळचे आखणीकार गुरू मानत, ते खाजगी क्लबचं नाही. ती गावाची जमीन. ठरलेली फी भरून कोणीही तिथे खेळू शकतो. रविवारी एरवी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी त्याच गवतावर फिरायला येतात. म्हणजे ज्या परंपरेचा हंटरच्या पिढीने ध्यास घेतला, तिच्यात जमिनीच्या आकाराइतकीच जमिनीची मोकळीकही होती. कॅलिफोर्नियाला येताना आकार आला. उतार आले, वाळू आली, खड्ड्यांची मांडणी आली. मालकीची रीत बोटीत चढलीच नाही.

ती आणणं अशक्य होतं का? त्याच देशात, त्याच पिढीत, मंदीच्या काळात न्यूयॉर्क राज्याने लाँग आयलंडवर बेथपेजला सार्वजनिक मैदानं उभारली. बेकारांना मदत म्हणून काढलेल्या कामांतून मजूर आले, आणि ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट हा नावाजलेला आखणीकार त्यांत होता. तिथलं काळं मैदान, म्हणजे बेथपेज ब्लॅक, १९३६ मध्ये सुरू झालं आणि पुढे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही तिथे झाली. बेकारी आणि गोल्फ हे दोन शब्द एका वाक्यात आणण्याची पात्रता ज्याच्याकडे सगळ्यात जास्त होती, तो हंटर त्या कामात नव्हता. टिलिंगहास्टनेही पुढे हा व्यवसाय सोडला आणि बेव्हर्ली हिल्सला जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं, हे जाता जाता.

आणि आता भिंत. सायप्रस पॉइंट १९२८ मध्ये सुरू झालं. जगातल्या सर्वांत देखण्या मैदानांत त्याचं नाव घेतात. सोळाव्या होलला चेंडू थेट समुद्रावरून पलीकडे मारावा लागतो. या क्लबचे सभासद मोजके. १९९० मध्ये अमेरिकेत गोल्फ क्लबांच्या वर्णभेदाचा प्रश्न पेटला. अलाबामातल्या शोल क्रीक क्लबवरून सुरुवात झाली. व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेने नियम केला, की स्पर्धा हवी असेल तर सभासदत्वात भेदभाव चालणार नाही. सायप्रस पॉइंटवर १९४७ पासून स्पर्धा होत होती. क्लबने ती अट तेव्हा पूर्ण केली नाही आणि स्पर्धा सोडून दिली.

याचं खापर हंटरवर फोडायचं नाही. तेव्हा त्याला जाऊन ४८ वर्षं झाली होती आणि सभासद कोण असावेत हे आखणीकार ठरवत नाही. मी ही घटना आणली ती वेगळ्या कारणाने. पुस्तकात जो प्रश्न छेदाबाहेर ठेवला जातो, तो जमिनीवरून नाहीसा होत नाही. तो फाटकाशी उभा राहतो. १९२६ मध्ये 'प्रत्येक' म्हणजे कोण, हे न विचारताही सुंदर मैदान आखता आलं. १९९० मध्ये तो प्रश्न बाहेरच्यांनी विचारला. आणि स्थलांतरितांचं प्रकरण आठवत असेल, तर हंटर दाराशी कडक होतो हे आपण आधीच नोंदवलंय. दोन पुस्तकांत एखादं सातत्य दाखवायचंच असेल तर मी इथे बोट ठेवेन. तेही जपून, कारण पहिल्यात दार बंद ठेवा असं तो उघड म्हणतो आणि दुसऱ्यात दार हा त्याच्या मांडणीचा विषयच नसतो. उघड मताशी वाद घालता येतो. विषयच नसलेल्या गोष्टीशी वाद घालायला आधी ती विषय करावी लागते. समीक्षेचं बरंचसं काम हेच असतं.

तुमच्या कामासाठी

विषय बदलायचा की नाही, यावर माझ्याकडे सल्ला नाही. हंटरने बदलला म्हणून 'द लिंक्स' वाईट झालं नाही. जमीन कशी पाहावी हे शिकवणारं ते चांगलं पुस्तक आहे आणि 'पॉव्हर्टी'पेक्षा त्यातला युक्तिवाद जास्त घट्ट बांधलेला आहे. सोडणं हा गुन्हा नाही. पण सोडताना काय मागे राहतंय, हे बघून सोडावं.

त्यासाठी एक साधं काम करून बघा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'सर्व', 'प्रत्येक', 'समाज', 'लोक', 'विद्यार्थी', 'शेतकरी', 'स्त्रिया' असे शब्द जिथे जिथे आलेत, तिथे पेन्सिलीने खाली आडवी रेघ मारा आणि छेद लिहा. शेतकरी म्हणजे सातबारावर नाव असलेले, की बटाईने कसणारेही? विद्यार्थी म्हणजे पटावर असलेले, की ऊसतोडीला गेलेलेही? स्त्रिया म्हणजे प्रश्नावली भरू शकणाऱ्या, की दाराआडून ऐकणाऱ्याही? छेद लहान असला तर काही बिघडत नाही. चार वर्षांत सगळा देश कोणी मोजू शकत नाही. तो लिहिलेला मात्र असावा.

मग जुन्या कामातला छेद आणि नव्या कामातला छेद शेजारी ठेवा. आधी आत असलेला कोणी आता बाहेर गेलाय का? गेला असेल तर का, हे दोन वाक्यांत लिहा. मुलाखतीत "आधीचं का सोडलं?" असं विचारलं, तर ही दोन वाक्यं तुमच्याकडे असतील. आणि कोणी नाही विचारलं तरी ती पहिल्या प्रकरणात घाला, कारण फाटकाबाहेर राहिलेला माणूस तुमचा थिसिस कधीतरी उघडून बघेल.